शिदोरी गेटवर अडते तेव्हा...

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या काष्टीच्या बचत गटाची सहल वॉटर पार्कला निघाली होती. दोन महिने नुसतं ठरतच होतं. कुणाच्या घरी लग्न, कुणाचा कांदा वखारीत टाकायचा राहिलेला. शेवटी एकदाचा मुहूर्त लागला आणि पहाटे पाचला गाडी सुटली. प्रत्येकीच्या मांडीवर एक पिशवी. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, लोणचं, पोरांसाठी चिवडा आणि लाडू. "पोरं पाण्यात खेळली की लई भुकेजत्यात बाई," शेजारच्या आक्का म्हणाल्या. रात्री दोनला उठून त्यांनी एकटीनं पन्नास दशम्या केल्या होत्या.

पार्कच्या गेटवर बॅगा तपासायला सुरुवात झाली. "खाण्याचं आत चालणार नाही. इथं ठेवा, टोकन घ्या, जाताना परत मिळेल." बघता बघता टेबलावर फडक्यांच्या गाठोड्यांचा ढीग झाला. मागची रांग आमच्याकडे बघत होती. कुणीतरी हसलंही. सव्वीस बायकांची तोंडं एवढीशी झाली. आक्कांना साखरेचा त्रास आहे. सकाळी सुई टोचली की वेळेवर खावं लागतं. पण एवढ्या माणसांत ते बोलायचं कसं, म्हणून त्या गप्प.

तेवढ्यात माझ्या जाऊबाईंनी लाडवांची पिशवी हळूच मुलाच्या दप्तरात, टॉवेलखाली सरकवली. मुलगा आठ वर्षांचा. तपासणीवरच्या मुलीनं सहज विचारलं, "बाळा, तुझ्या बॅगेत काय रे?" त्यानं आधी आईकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाला, "कपडे."

लाडू आत गेले, खाऊनही झाले. पण त्याचं ते खाली बघणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पाच-पन्नास रुपये वाचवायला आपण पोराला काय शिकवलं?

आपली रीत, त्यांचा नियम

मैत्रिणींनो, डबा बरोबर नेणं ही आपली हौस नाही, सवय आहे. काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. लांबून गाई-बैल घेऊन आलेली माणसं फडक्यात भाकरी बांधूनच येतात. दुपारी हॉटेलच्या बाकड्यावर बसून ती सोडतात. हॉटेलवाला त्यांना उठवत नाही. पण रीत अशी, की बसायचं तर निदान भजी नाहीतर रस्सा तरी मागवायचा. भाकरी आपली, कालवण हॉटेलचं. मग कांदा आणि पाणी न मागता पुढ्यात येतं. ही रीत कुठल्या पाटीवर लिहिलेली नाही, पण दोन्ही बाजू ती पाळतात.

पार्कात मात्र अशी देवघेव नसते. तिथं नियम असतो, आणि तो बहुतेक वेळा तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतो. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं, तिथलंच वॉटर किंगडम १९९८ मध्ये, खोपोलीचं इमॅजिका २०१३ मध्ये. त्यातलं एस्सेलवर्ल्ड २०२२ पासून बंद आहे. पण दिवसभर एकाच आवारात खेळायचं आणि तिथंच खायचं, ही पद्धत या मोठ्या पार्कांबरोबर आपल्याकडे रुजली. आत खाण्यापिण्याची जी विक्री होते, ती त्यांच्या धंद्याचा मोठा भाग असते. हे त्यांनीही मोकळेपणानं सांगायला हरकत नाही.

दुसरं कारणही खोटं नाही. पाण्यात अन्नाचे कण, तेल, लोणच्याचा खार गेला की पाण्यातला क्लोरीन त्यातच खर्ची पडतो आणि जंतू मारायला कमी उरतो. काचेची बरणी फुटली तर अनवाणी पोरांच्या पायाचं काय? आपण उठून गेल्यावर मागे राहिलेले कागद आणि साली कुणीतरी बाईच वाकून उचलत असते, हेही विसरायला नको.

कायदा काय म्हणतो?

सिनेमागृहात खाणं न्यायचं की नाही, यावर बराच वाद झाला. जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयानं २०१८ साली प्रेक्षकांना बाहेरचे पदार्थ नेऊ द्या, असं सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ३ जानेवारी २०२३ रोजी तो आदेश रद्द केला. जागा मालकाची, तेव्हा तिथं खाण्याचे नियम घालण्याचा हक्क त्याला आहे. सुनावणीत तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी जिलबीचं उदाहरण दिलं होतं. कुणी जिलबी आणली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली, तर ती साफ कुणी करायची?

पण त्याच निकालात दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. स्वच्छ पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे, आणि तान्ह्या बाळासाठी आईवडिलांनी बेताचं खाणं आणलं तर ते अडवायचं नाही. हा निकाल सिनेमागृहांपुरता आहे, पार्कांसाठी नाही. तरी गेटवर शांतपणे बोलताना त्याचा आधार वाटतो.

बाटलीच्या किमतीचंही तसंच. एकाच मालावर इथं वेगळी आणि तिथं वेगळी एमआरपी छापायची नाही, असा नियम १ जानेवारी २०१८ पासून आहे. हॉटेलात टेबलावर बसवून सेवा दिली तर पाण्याच्या बाटलीला जास्त पैसे घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं. म्हणून आधी विचारा, बिल घ्या. तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मोबाइलमध्ये ठेवून द्या.

जगात काय करतात?

हा प्रश्न काही फक्त आपल्या दशम्यांचा नाही. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये बॅगेतला खाऊ अडवला, म्हणून कायदा शिकणाऱ्या एका मुलीनं २०१९ साली दावाच लावला. खाऊ होता सेहेचाळीस युआनचा. त्याच वर्षी तडजोड झाली, तिला पन्नास युआन मिळाले आणि पार्कानं नियम बदलला. गरम करावं लागत नाही आणि उग्र वास येत नाही असं खाणं आत नेऊ देऊ लागले. टोकिओच्या डिस्नेलँडमध्ये घरचा डबा आत चालत नाही, पण तो खायला गेटबाहेर नीट जागा करून ठेवली आहे. जपानी बायकाही आपल्यासारख्याच डबा बांधण्यात हौशी!

अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये घरचं खाणं नेता येतं. काचेच्या वस्तू आणि दारू मात्र नाही. खाण्याच्या काउंटरवर साधं पाणी मागितलं की फुकट देतात. माझ्या नणंदेनं हे सांगितलं तेव्हा सासूबाईंचा विश्वासच बसेना. पण त्याच सासूबाईंची तिथं दुसऱ्याच एका गोष्टीवरून पंचाईत झाली, ती मगावरून.

भरून घ्यायचा मग

डिस्नेच्या हॉटेलांत एक मग विकत मिळतो. एकदा पैसे भरले की मुक्काम संपेपर्यंत चहा, कॉफी, सरबत हवं तितक्यांदा भरून घ्यायचं. सासूबाईंनी पहिल्या खेपेला तो मग धुऊन-पुसून काष्टीला आणला. दुसऱ्या वेळी लेकीकडे जाताना तोच मग बॅगेत. "एकदा पैसं दिल्यात की, परत कशाला द्यायचं?" तिथं मशिनखाली मग धरला, तर थेंब येईना. मगाच्या बुडाशी चिप असते आणि मुक्कामाचे दिवस संपले की ती बंद होते. पूर्वी अशी चिप नव्हती, तेव्हा लोक वर्षानुवर्षं जुने मग घेऊन येत. काही जण चौघांत एक मग घेत. म्हणूनच तर चिप आली.

सासूबाई वरमल्या. त्यांना लबाडी करायची नव्हती. त्यांच्या लेखी मग विकत घेतला होता. विकत घेतलेलं असतं ते त्या दिवसांपुरतं पिणं, मग नव्हे, हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

परदेशातलं कशाला, आपल्या हायवेवरच्या अनलिमिटेड थाळीचं बघा ना. 'एका थाळीत एकच व्यक्ती, पार्सल मिळणार नाही' अशी पाटी असते. तरी आपण हळूच शेजारणीच्या पानात पोळी सरकवतो. लहान लेकरानं आईच्या ताटातला घास खाल्ला तर कुणी काही म्हणत नाही. पण दोघी मोठ्या बायकांनी एका थाळीत जेवायचं आणि तिसरीसाठी गुलाबजाम पर्समध्ये, हे बरं दिसत नाही. अनलिमिटेड असतं ते एका पोटापुरतं. मगाचं तेच, थाळीचं तेच. पोटभर घ्या, पण दुसऱ्याचं पोट त्यात लपवू नका.

सहलीला निघताना

* तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा. काय चालतं, काय नाही, पाणी फुकट कुठं मिळतं, डबा ठेवायला जागा आहे का.
* गट मोठा असेल तर जेवणासकट तिकिटाचा भाव आधीच ठरवा.
* बाळाचं खाणं, साखरेच्या रुग्णाचा खाऊ आणि औषधं वेगळ्या पिशवीत ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या आणि गेटवर आपणहून सांगा. त्यात लाजायचं काय?
* डबा गाडीतच ठेवून आधी पोटभर खा. उन्हाळ्यात दशमी, चटणी, सुका खाऊ टिकतो, भात-भाजी नको.
* मुलांच्या दप्तरात काही लपवू नका आणि त्यांना खोटं बोलायला लावू नका.
* गेटवरच्या माणसाशी भांडू नका. नियम त्यानं केलेला नसतो. लेखी तक्रार व्यवस्थापकाकडे द्या.

आणि पार्कवाल्यांनाही एक सांगणं आहे. नियम तिकिटाच्या मागे नको, पुढे, मराठीत, मोठ्या अक्षरात छापा. गेटबाहेर सावलीत चार बाकडी आणि एक नळ एवढं केलंत, तर निम्मी लपवाछपवी आपोआप थांबेल.

आमच्या सहलीचं पुढं काय झालं? दुपारी आक्कांना घाम फुटला, हातपाय कापायला लागले. तेव्हा कुठं आम्ही गेटवर धावलो. तपासणीवरच्या त्याच मुलीनं चटकन साखरेचं पाणी करून दिलं, गाठोडं काढून दिलं. "आजी, आधी का नाही सांगितलं? मी अडवलं असतं का तुम्हाला?" आम्हाला काही बोलताच येईना.

संध्याकाळी टोकनं देऊन पिशव्या परत घेतल्या आणि गाडीजवळ सतरंजी टाकून सगळ्या जेवायला बसलो. आक्कांनी दोन दशम्यांवर चटणी घातली आणि जाऊबाईंच्या मुलाच्या हातात दिल्या. "जा, त्या ताईला देऊन ये." तो गेला. मुलीनं आधी नको म्हटलं, मग घेतल्या. तो बराच वेळ तिच्याशी काहीतरी बोलत उभा होता.

परत आल्यावर आईनं विचारलं, "काय सांगत होतास रे एवढं?"

"लाडवांचं," तो म्हणाला.