ऐनवेळी जागेवर नसलेला माणूस

स्वित्झर्लंडकडून सर्वाधिक गोल कोणी केले, असं विचारलं तर भलेभले फुटबॉलवेडे अडखळतात. शाकिरी? शापुइसा? नाही, आलेक्झांडर फ्राय. ८४ सामने, ४२ गोल. २००४-०५ मध्ये रेनकडून खेळताना फ्रेंच लीगमध्येही सर्वाधिक गोल त्याचेच होते. पुढे डॉर्टमुंड, मग घरचं बाझल. तरीही देशाबाहेर त्याचं नाव निघतं ते थुंकीवरून.

१७ जून २००४, पोर्तुगालमधलं कोइंब्रा, युरो स्पर्धेतला इंग्लंडविरुद्धचा सामना. फ्राय स्टीव्हन जेरार्डवर थुंकला, असा आरोप झाला. त्याने कानांवर हात ठेवले आणि पुरावा अपुरा म्हणून युएफाने प्रकरण मिटवलंही. पण स्विस टीव्हीच्या चित्रफितीत सगळं टिपलं गेलं होतं. आपल्याच देशाच्या कॅमेऱ्याने पकडून दिलं! तीन सामन्यांची बंदी आली.

त्याच सामन्यात वेन रूनी युरोतला सर्वांत लहान गोलकर्ता ठरला होता. चौथ्या दिवशी फ्रान्सविरुद्ध स्वित्झर्लंडच्या अठरा वर्षांच्या योहान फोनलांतेनने गोल करून तो विक्रम मोडला. स्विस संघ तेव्हा फ्रायविना खेळत होता.

इथून जो धागा लागतो तो सुटतच नाही. २००६ च्या विश्वचषकात युक्रेनविरुद्ध फ्रायचा एक फटका आडव्या खांबावर आदळला. पेनल्टी शूटआउटला जेमतेम तीन मिनिटं उरली असताना प्रशिक्षक कोबी कून यांनी त्याला बाहेर घेतलं. स्विस संघाने तिन्ही पेनल्टी वाया घालवल्या आणि स्पर्धेत, शूटआउट सोडता, एकही गोल न स्वीकारता घरची वाट धरली. हा निर्णय आजही पटत नाही. २००८ चा युरो तर मायदेशी, पहिला सामना त्याच्या बाझलमध्येच. मध्यंतराआधीच गुडघा गेला. रडत बाहेर पडलेला हा कर्णधार त्या स्पर्धेत परतलाच नाही. २०१० च्या विश्वचषकात स्वित्झर्लंडने स्पेनला हरवलं, तेव्हाही तो जायबंदी. २०११ च्या एप्रिलमध्ये, आपल्याच प्रेक्षकांच्या शिट्ट्यांना कंटाळून, त्याने देशाची जर्सी उतरवली.

क्लबने मात्र त्याला एक रात्र दिली. डिसेंबर २०११ मध्ये बाझलने मँचेस्टर युनायटेडला २-१ असं हरवून चॅम्पियन्स लीगमधून बाहेर घालवलं, त्यातला दुसरा गोल फ्रायचा.

मग प्रशिक्षकपद. विंटरथूरचं शुट्झेनवीझे हे मैदान लहान. पोरांसाठी तिथे सरबत मिळणारा खास कोपरा आहे, ‘सिरुपकुर्वे’ नावाचा. या विंटरथूर क्लबला फ्रायने २०२२ मध्ये ३७ वर्षांनी वरच्या श्रेणीत नेलं. पण नवा हंगाम सुरू झाला तेव्हा तो बाझलच्या बाकावर होता. तिथून फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला काढलं, आणि त्याच वसंतात बाझलने युरोपियन कॉन्फरन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. तेव्हा बाकावर त्याच्या जागी हायको फोगेल होते.