घराचं कोणतं वय जपायचं?

डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवरचं १४ क्रमांकाचं घर १७४०च्या दशकाच्या अखेरीस, जॉर्जियन काळात, उमरावांच्या राहणीसाठी बांधलं गेलं. १८०१मध्ये आयर्लंडची स्वतंत्र संसद संपली आणि बडी घराणी हळूहळू शहर सोडून गेली. १८७७च्या सुमारास मालकाने भव्य जिना काढून टाकला, दालनांत आडभिंती घातल्या आणि बिऱ्हाडं ठेवली. १९११च्या जनगणनेत इथे शंभरेक माणसं राहत होती. महापालिकेने दीर्घ दुरुस्तीनंतर २०१८मध्ये तिथे संग्रहालय उघडलं, पण उमरावी थाट नव्याने उभा केला नाही. बिऱ्हाडकरूंच्या जिन्यालगतच्या भिंतींवरचा तांबडा-निळा रंग पोपडे धरलेला असूनही राखला. मला हाच निर्णय योग्य वाटतो. जुन्या वास्तूची दुरुस्ती करायची ती तिच्या सगळ्या आयुष्याची; एखादा सोयीचा काळ निवडून बाकीचे खरवडून टाकायचे नसतात.

हे नुसत्या भावनेपोटी म्हणत नाही. जॉर्जियन भिंतीची वीट मऊ असते आणि विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून ओल बाहेर पडते. तेच सांधे सिमेंटने भरले की ओल विटेतून वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि विटेचा दर्शनी थर सुटून पडतो. भिंत भक्कम करायला गेलेला माणूस तीच पोखरतो. म्हणून आधी वास्तू वाचायची, मग तिला हात लावायचा. आगीपासून संरक्षण, वीज, लिफ्ट हे सारं हवंच, पण नवं काम नवं म्हणून ओळखू यावं आणि उद्या काढता यावं, अशा बेताने.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की मूळ सौंदर्यावर गरिबीचे डाग कशाला मिरवायचे? पण त्या घरात मेजवान्या झाल्या तशीच शेकडो मुलंही वाढली. त्यांची खूण पुसणं म्हणजे इतिहास खोटा करणं. दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो खरा आहे. कुशल गवंडी आणि सावकाश काम स्वस्तात मिळत नाही. मात्र चुकीच्या दुरुस्तीचा खर्च पुन्हा पुन्हा करावा लागतो, आणि एकदा खरवडलेला थर कितीही पैसे मोजले तरी परत येत नाही. तेव्हा जुन्या घराला नवं काम जरूर द्यावं. त्यासाठी त्याचा जुना जबाब मात्र पुसू नये.