चुंबक, मेंदू आणि हालचाल

अमरावतीचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं त्याच्या पथकानें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें युरोपीय प्रेक्षकांपुढें करून दाखविलीं. अशा आखाड्यांत मल्लखांबावर झेप घेणाऱ्या मुलाकडे पाहिलें म्हणजे प्रेक्षकाची दृष्टि त्याच्या दंडाकडे आणि मांड्यांकडे जाते. स्नायु पिळदार झाले कीं कसरत साधते, असाच सर्वसाधारण समज आहे. परंतु स्नायु हा केवळ हुकमाचा ताबेदार होय. त्यानें केव्हां आवळावें, किती आवळावें आणि कोणत्या क्षणीं सैल व्हावें, याचा निर्णय कवटीच्या आंत होत असतो. अकोल्याच्या शिवारांत पऱ्हाटीच्या बोंडांतून कापूस वेचणाऱ्या बाईचीं बोटें जी चपळाई दाखवितात, तिचाही सूत्रधार तोच. हा हुकूम मेंदूंतून निघतो कसा, आणि त्याची वाट तुटली तर ती कितपत शाबूत आहे हें ओळखावें कसें? या प्रश्नांचा शोध धडधाकट व जाग्या माणसाच्या कवटीला धक्का न लावतां घेतां येऊं लागला, तो एका चुंबकीय उपकरणामुळें.

या शोधाची पूर्वपीठिका शंभराहून अधिक वर्षांची आहे. १८७० सालीं फ्रिच् आणि हिट्झिग् या दोन जर्मन वैद्यांनीं कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागास सौम्य विद्युत्प्रवाहाचा स्पर्श केला, तेव्हां विरुद्ध बाजूचा पाय हालला. मेंदूचा एक विशिष्ट पट्टा हालचालीसाठीं राखून ठेवलेला आहे, हें त्यावरून सिद्ध झालें. पुढें माँट्रिअल येथील शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड यांनीं शस्त्रक्रियेच्या वेळीं जाग्या असलेल्या रोग्यांच्या मेंदूवर असेंच निरीक्षण करून १९३७ सालीं त्या पट्ट्याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्या नकाशांत अवयवांना मिळालेली जागा त्यांच्या आकारावर नव्हे, तर त्यांच्या कामाच्या बारकाव्यावर ठरते. विशाल पाठीला थोडी जागा, तर अंगठ्याला, बोटांना आणि ओठांना फार मोठी!

पण हें सर्व ज्ञान कवटी उघडल्यावांचून मिळत नव्हतें. १९८० सालीं इंग्लंडांत मर्टन व मॉर्टन यांनीं टाळूच्या कातडीवरूनच विजेचा झटका देऊन हाताची हालचाल घडवून आणली. मात्र तो झटका कातडीला व डोक्याच्या स्नायूंना फार दुखवी. वीज कवटीच्या बाहेरून आंत ढकलावयाची म्हणजे वाटेंतील कातडीनें तिचा मार सोसलाच पाहिजे. मग वीज बाहेरून न पाठवितां आंतच उत्पन्न केली तर? शेफील्ड येथील अँथनी बार्कर व त्यांचे सहकारी यांनीं १९८५ सालीं हेंच करून दाखविलें.

त्यामागील तत्त्व मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालींच सांगून ठेविलें होतें. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल, तर जवळच्या वाहकांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. येथें 'बदलत असेल' हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्थिर चुंबक तारेजवळ वर्षभर ठेवला तरी तींत प्रवाह येत नाहीं. बार्कर यांच्या उपकरणांत तांब्याच्या तारेचें एक वेटोळें असतें. सांठवून ठेवलेली वीज त्यांतून क्षणार्धांत सोडली म्हणजे हजारों अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ वाहतो, आणि वेटोळ्याशीं सुमारें दीड ते दोन टेस्ला इतकें चुंबकीय क्षेत्र उसळून लगेच मावळतें. केस, कातडी आणि हाड यांचा त्या क्षेत्राला अडथळा होत नाहीं. त्याच्या या झपाट्याच्या चढउतारामुळें कवटीखालच्या मेंदूंत अल्पसा विद्युत्प्रवाह उमटतो. म्हणजे मज्जापेशींना जागें करणारी खरी शक्ति विजेचीच असते. चुंबक तिला कवटीच्या भिंतीपलीकडे नेऊन ठेवणारा वाहक मात्र आहे.

प्रत्यक्ष प्रयोग पाहणाऱ्यास मोठा साधा वाटतो. खुर्चींत बसलेल्या माणसाच्या डाव्या कानाच्या वरच्या अंगास टाळूकडे वेटोळें धरतात. 'टक्' असा आवाज होतो, आणि त्याची इच्छा नसतांना उजव्या हाताचा अंगठा किंवा बोट किंचित् उडतें. उजवाच कां? कारण मेंदूंतून निघालेल्या गतितंतूंपैकीं बहुतेक लंबमज्जेपाशीं बाजू बदलतात आणि पाठीच्या कण्यांतील पृष्ठरज्जूंत उतरतात. तेथून दुसऱ्या पेशी तो निरोप स्नायूपर्यंत पोंचवितात. हाताच्या कातडीवर चिकटविलेल्या पट्ट्या स्नायूंतील विजेची लाट टिपतात. मेंदूपासून हातापर्यंतचा हा प्रवास सुमारें २० ते २५ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या भागांत पुरा होतो. पायाचें केंद्र मेंदूच्या दोन अर्धांमधील खांचेंत खोल दडलेलें असल्यानें त्याला जागें करण्यास अधिक जोराचा स्पंद लागतो.

या लाटेचा उशीर, तिची उंची आणि ती उठविण्यास लागणारा कमींत कमी जोर, या तीन मापांवरून पुष्कळ कांहीं कळतें. माणूस बोट हालविण्याच्या बेतांत असला, तर बोट हालण्यापूर्वीं सुमारें दशांश सेकंद आधींपासूनच ही लाट मोठी होऊं लागते. जणूं पडदा उघडण्यापूर्वीं नट रंगपटांत सज्ज होत असतो. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मनगटाच्या ठरलेल्या हालचालीच्या ऐन आरंभापूर्वीं स्पंद दिला असतां ती हालचाल कांहीं काळ लांबली. पण सुरू झाली तेव्हां तिचा आराखडा मुळींच बिघडलेला नव्हता. म्हणजे हालचालीची आखणी एकीकडे सुरक्षित राहते आणि तिची अंमलबजावणी तेवढी थांबवितां येते. मेंदूंत जसे चालना देणारे प्रवाह आहेत, तसेच आवर घालणारेही आहेत, हेंही याच उपकरणानें दाखविलें. एका सौम्य स्पंदामागून दोन-तीन मिलिसेकंदांत दुसरा जोराचा स्पंद दिला, तर स्नायूचें उत्तर वाढण्याऐवजीं घटतें. कुशल हालचाल म्हणजे केवळ जोर लावणें नव्हे, नको असलेला जोर रोखणेंही आहे, हें प्रत्येक वस्ताद शिष्याला सांगत असतो. त्याला येथें मापाचा आधार मिळाला.

शिक्षणाच्या दृष्टीनें आणखी दोन निष्कर्ष मननीय आहेत. इटलींतील लुचानो फादिगा व त्यांचे सहकारी यांनीं १९९५ सालीं दाखविलें कीं, दुसऱ्यानें एखादी वस्तु पकडतांना नुसतें पाहिलें तरी पाहणाऱ्याच्या त्याच स्नायूंचें उत्तर वाढतें. त्याच वर्षीं अल्वारो पास्क्वाल-लिओने यांनीं पियानोचा अनभ्यस्त धडा पांच दिवस, रोज दोन तास, कांहींजणांकडून बोटांनीं आणि कांहींजणांकडून केवळ मनांत घोकवून घेतला. दोन्ही गटांत बोटांच्या क्षेत्राचा नकाशा विस्तारला. मात्र केवळ मनन करणाऱ्यांचें वादन प्रत्यक्ष सराव करणाऱ्यांहून मागेंच राहिलें, आणि थोड्या प्रत्यक्ष सरावानंतर तें पुष्कळ सुधारलें. चिंतन हें सरावाचें पूरक आहे, पर्याय नव्हे.

परंतु या विषयाचें खरें महत्त्व कळतें तें घरांतील कर्ता माणूस अर्धांगवायूनें अंथरुणास खिळतो तेव्हां. हात पुन्हां उचलेल काय, हा पहिल्या आठवड्यांतच घरच्यांचा प्रश्न असतो, आणि वरून पाहून त्याचें उत्तर देणें कठीण असतें. लुळा दिसणारा हात सारखाच लुळा असला, तरी आंतली वाट एकाची शाबूत आणि दुसऱ्याची तुटलेली असूं शकते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथें कॅथी स्टिनिअर व त्यांचे सहकारी यांनीं ठरविलेल्या पद्धतींत आरंभींच्या दिवसांत हाताचा जोर तपासतात, आणि तो फार कमी असल्यास चुंबकीय स्पंद देऊन पाहतात. स्नायूंत लाट उमटली तर गतितंतूंचा मार्ग कांहीं अंशीं जिवंत आहे असें ठरतें, व हात चांगला सुधारण्याची आशा बाळगतां येते. लाट न उमटल्यास आशा मर्यादित होते. परंतु तेव्हांही उरलेल्या शक्तीचा उपयोग कसा करावा, याची योजना वेळींच आंखतां येते.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. स्पंद वारंवार देऊन उपचार करण्याची पद्धतही निघाली असून २००८ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें ती नैराश्याच्या रोगासाठीं मान्य केली. अर्धांगवायूंत तिचा लाभ किती, याविषयीं प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहींत. फेफऱ्याचा रोग, डोक्यांत बसविलेली धातूची वस्तु किंवा छातींतील हृदयस्पंदक यंत्र असल्यास तज्ज्ञाच्या विचारावांचून ही चांचणी करूं नये. आणि बाजारांत चुंबकाच्या नांवाखालीं विकलीं जाणारीं कडीं, पट्टे व गाद्या यांचा या शास्त्राशीं कांहीं एक संबंध नाहीं. स्थिर चुंबक मेंदूंत प्रवाह उत्पन्न करीत नाहीं, हें फॅरडे यांच्या नियमावरूनच उघड होतें.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र कोणत्याही यंत्राहून अगोदरची आहे. तोंड एकाएकीं वांकडें झालें, एक हात गळाला किंवा जीभ अडखळूं लागली, तर घटका न दवडतां रोग्यास मोठ्या रुग्णालयांत न्यावें. रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध आरंभापासून साधारण साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. मेळघाटांतील गांवाहून अमरावतीस पोंचण्यांतच त्यांतला मोठा भाग खर्च होतो. म्हणून अंगारा, मालिश आणि 'सकाळपर्यंत पाहूं' यांत गेलेला प्रत्येक तास म्हणजे मेंदूपासून हातापर्यंतच्या त्या वाटेचा तुटलेला एकेक धागा होय. तो वांचविणें घरच्यांच्या हातीं आहे. उरलेले धागे मोजणें तेवढें शास्त्राच्या.