छोट्या ॲपला केवढा सर्व्हर लागतो?

वाळूजच्या वर्कशॉपची ऑर्डर-नोंदणी असो की वेरूळ-अजिंठ्याचं टॅक्सी बुकिंग, सुरुवातीला दिवसाला शे-दोनशे लोक येणार. त्यासाठी ८ जीबी रॅमचा सर्व्हर घेणं ही निव्वळ हौस. १ जीबीवर सुरू करा, डेटाबेसही त्याच मशीनवर असेल तर २. पुढे वाढवायचं तर मशीन बंद करून प्लॅन बदलायचा, की झालं.

खरी मेख बिलात असते. एडब्ल्यूएसचा टी३ मायक्रो घ्या. दोन व्हीसीपीयू लिहिलेले असतात, पण कायमचे वापरायला प्रत्येकी १० टक्केच. मशीन निवांत असताना क्रेडिट साठतात आणि गर्दीत खर्च होतात. ते संपल्यावरही भार राहिला तर मशीन मंदावत नाही, बिल वाढतं! कारण 'अनलिमिटेड' मोड आधीपासूनच चालू असतो. शिवाय १ फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी अर्धा सेंट, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर. वर १८ टक्के जीएसटी आहेच.

रीजन? एडब्ल्यूएसचा मुंबईत, अझूरचा पुण्यात. अमेरिकेतला थोडा स्वस्त दिसेल, पण इथल्या गिऱ्हाइकाच्या प्रत्येक क्लिकमागे जवळपास पाव सेकंद प्रवासातच जातो. माझं मत मुंबईला.

वर्षभराचा करार लगेच करू नका. दोन महिने सीपीयू आणि रॅमचा आलेख बघा, मग ठरवा. आणि खातं उघडल्या उघडल्या बजेट अलर्ट लावा. तुमचं महिन्याचं बिल किती येतं? कमेंटमध्ये सांगा.