लाखो मेंढ्या, एक कॅप्सूल

कत्तलखान्यातून मेंढ्यांचे मेंदू आणायचे, त्यातला हायपोथॅलॅमसचा चिमूटभर तुकडा वेगळा काढायचा, वाटायचा, गाळायचा. वायली व्हेल यांच्या गटानं कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये असे लाखो तुकडे वापरले. १९८१ मध्ये हाती आली ४१ अमिनो आम्लांची एक साखळी : सीआरएफ. ताणाची पहिली हाक हीच देते. ती ऐकून पियूषिका ग्रंथी एसीटीएच सोडते आणि त्याच्या हुकुमानं मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. असं काही संप्रेरक असणार, याचा सुगावा १९५५ मध्येच लागला होता. व्हेल यांचे गुरू रॉजर गिलेमिन याच शोधात निघाले, मग दुसऱ्या संप्रेरकांकडे वळले आणि त्यांसाठी त्यांना १९७७ चं नोबेलही मिळालं. हे मात्र सापडलं शिष्याला.

हाक कळली, आता ती ऐकणारा कान बंद करायचा. १९८४ मध्ये नैराश्यग्रस्तांच्या मेंदू-मज्जाद्रवात सीआरएफ जास्त आढळलं आणि औषध कंपन्यांना हुरूप आला. म्युनिकमध्ये सीआरएफचा रिसेप्टर अडवणारं एक औषध २४ रुग्णांना दिलं. २००० साली निष्कर्ष छापून आले : नैराश्य उतरलं! पण तुलनेला प्लासिबोचा, म्हणजे नकली गोळीचा, गट नव्हता. पुढे यकृताच्या तक्रारींमुळे ते औषधच मागे पडलं. त्याची भावंडं प्लासिबोसमोर उभी राहिली, तेव्हा एकामागून एक हरली. मला विचाराल तर चूक रसायनाची नव्हती. नैराश्य नावाच्या एका गाठोड्यात कितीतरी वेगवेगळे आजार बांधलेले असतात, आणि ही हाक त्यांतल्या प्रत्येकात मोठी नसते.

ती जिथे खरोखरच मोठी असते तो आजार निराळाच : जन्मजात अधिवृक्कवृद्धी. बहुतेकांत २१-हायड्रॉक्सिलेज हे विकर कमी असतं, म्हणून कॉर्टिसॉल बनत नाही. ते दिसेना म्हणून मेंदू हाका मारतच राहतो. ग्रंथी बिचाऱ्या राबतात, पण कच्चा माल वळतो पुरुषी संप्रेरकांकडे. १९५० पासून उपाय एकच होता, स्टेरॉइड. उणीव भरायला थोडं पुरतं. हाक दाबायला मात्र बरंच जास्त लागतं. मग वजन वाढतं, हाडं ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते.

सनोफी या औषध कंपनीनं नैराश्यावर आजमावलेलं क्रिनेसरफाँट हे सीआरएफचा रिसेप्टर अडवणारं कॅप्सूल इथे कामी आलं. १८२ प्रौढांच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत स्टेरॉइडची मात्रा सरासरी २७ टक्क्यांनी खाली आणता आली. प्लासिबोवाल्यांची १० टक्क्यांनी. स्टेरॉइड सुटत नाही, कमी होतं. हे विसरून कुणी ते परस्पर बंद केलं तर जिवावर बेतेल. १३ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं चार वर्षांपुढच्या रुग्णांसाठी क्रिनेसरफाँटला मान्यता दिली.

ते बाजारात आणणारी न्यूरोक्राइन ही कंपनी १९९२ मध्ये स्थापन करणाऱ्यांत व्हेल होते. २०१२ मध्ये ते वारले.