मुलगी परदेशात देताय? पगार नंतर विचारा, आधी मुलाचा व्हिसा विचारा

ग्रामपंचायतीतल्या लग्न नोंदणीपासून विमानात बसेपर्यंत कोणती कागदं लागतात, कुठं घोडं अडतं, त्याची ही माहिती

गेल्या द्राक्ष हंगामात, ऐन तोडणी चालू असताना आमच्या भावकीतल्या एका लेकीचं लग्न झालं. मुलगा इंग्लंडमध्ये, तिथं कायमचं राहण्याचा परवाना मिळालेला. पंधरा दिवसांच्या रजेवर आला, साखरपुडा, हळद, लग्न सगळं उरकलं आणि परत गेला. जाताना म्हणाला, "दोन-तीन महिन्यांत हिला नेतो." त्याला अकरा महिने लागले.

तेवढ्यात गावात कुजबूज सुरू झाली. "नेत का नाही?" "तिकडं दुसरी असंल." पोरीची आई लोकांना तोंड देऊन थकली. खरं तर चूक ना मुलाची होती ना मुलीची. लग्नाची नोंदणी करायची राहून गेली होती, आणि मुलीच्या चार कागदांवर तीन नावं होती. बस, एवढंच कारण.

आता निफाड, दिंडोरी, सिन्नर, मालेगाव, कुठंही बघा, प्रत्येक गावात एखादं तरी स्थळ परदेशातलं येतं. म्हणून ही माहिती लग्न ठरवायच्या आधीच वाचून ठेवा.

लग्न झालं म्हणजे व्हिसा मिळाला, असं नसतं

पहिली गोष्ट ही समजून घ्या. लग्न लावलं म्हणून कोणताही देश मुलीला आपोआप घेत नाही. मुलगा तिथं कोणत्या परवान्यावर राहतो, यावर सगळं अवलंबून असतं. आपण पाहुण्यांना पगार विचारतो, फ्लॅट विचारतो, पण व्हिसा कोणता हे कुणी विचारत नाही.

अमेरिका: मुलगा तिथला नागरिक असेल तर तो बायकोसाठी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करतो. तो मंजूर झाला की कागदपत्रं जातात आणि शेवटी मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलीची मुलाखत होते. या सगळ्याला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागू शकतं. मुलाकडं नुसतं ग्रीन कार्ड असेल तर वेगळी रांग असते, ती आणखी लांबू शकते. आणि मुलगा एच-वन-बी वर नोकरीला असेल तर मुलगी एच-फोर व्हिसावर जाते. तो लवकर मिळू शकतो, पण मुलीला लगेच नोकरी करता येत नाही. नवऱ्याची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर गेली तरच तिला कामाचा परवाना मागता येतो. म्हणजे इंजिनियर झालेली पोरगीसुद्धा काही वर्षं घरी बसू शकते. हे तिला आधी माहीत पाहिजे.

इंग्लंड: मुलगा तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असेल तर पती-पत्नी व्हिसा मिळतो. त्यासाठी ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला किमान २९ हजार पौंड उत्पन्नाची अट आहे. त्याआधी ती १८ हजार ६०० पौंड होती. सासऱ्याच्या सातबाऱ्यावर दहा एकर बाग असली तरी ती इथं मोजत नाहीत. शिवाय मुलीला इंग्रजी बोलण्याची-ऐकण्याची सोपी परीक्षा (ए-वन पातळी) आणि ठरवून दिलेल्या दवाखान्यातच टीबीची तपासणी करावी लागते. व्हिसा फीसोबत तिथल्या सरकारी दवाखान्याचा अधिभार आधीच भरावा लागतो. तो २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १ हजार ३५ पौंड आहे. पहिला व्हिसा २ वर्षे ९ महिन्यांचा असतो, म्हणजे जवळपास तीन वर्षांचे पैसे एकदम.

इथं एक धोक्याची खूण आहे. मुलगा इंग्लंडमध्ये शिकायला गेलेला असेल, तर जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या बहुतेक कोर्सना (संशोधनाचे सोडून) बायकोला नेता येत नाही. मार्च २०२४ नंतर केअर वर्कर म्हणून गेलेल्यांनाही नेता येत नाही. "मुलगा लंडनला आहे" एवढ्यावर मुलगी दिली, तर ती दोन-तीन वर्षं माहेरीच राहायची वेळ येऊ शकते.

जर्मनी: मुलीला साधारणपणे जर्मन भाषेची ए-वन परीक्षा पास व्हावी लागते. ती मुंबई-पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. मुलाकडं ब्लू कार्ड असेल तर भाषेची ही अट लागत नाही.

दुबई: मुलाचा पगार ४ हजार दिरहम, किंवा ३ हजार दिरहम आणि राहायला जागा, असं असेल तर तो बायकोला बोलावू शकतो. पण मुलाची नोकरी गेली की मुलीचा परवानाही धोक्यात येतो.

खरी सुरुवात ग्रामपंचायतीत

एक्स्पोर्टची द्राक्षं कितीही गोड असू द्या. बागेची नोंद नाही, रेसिड्यूचा रिपोर्ट नाही, तर कंटेनर जात नाही. लग्नाचंही तसंच आहे. मंडप केवढा होता, पंगती किती उठल्या, हे वकिलात बघत नाही. ती लग्नाचं प्रमाणपत्र मागते.

आपल्या राज्यात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार ही नोंदणी होते. खेड्यात ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आणि शहरात महापालिका किंवा नगरपालिका नोंदणी करते. लग्नापासून ९० दिवसांच्या आत अर्ज द्यायचा. वर, वधू, तीन साक्षीदार, लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्या लागतात. सोबत लग्नपत्रिका, फोटो, वयाचा आणि राहण्याचा पुरावा.

अडचण कुठं येते? मुलगा पंधरा दिवसांच्या रजेवर येतो. देवदर्शन, गोंधळ, पाचपरतावन यात रजा संपते आणि तो विमानात बसतो. मग सहीला कोण येणार? म्हणून लग्नाआधीच ग्रामपंचायतीत जाऊन फॉर्म आणून ठेवा, साक्षीदार ठरवा आणि लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिलं काम हे करा. प्रमाणपत्र इंग्रजीतही आहे ना आणि स्पेलिंग बरोबर आहे ना, हे तिथंच उभं राहून वाचा.

बऱ्याच देशांसाठी या प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाची आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची खातरजमा लागते. त्याला अपोस्टिल म्हणतात. दुबईसाठी नुसतं अपोस्टिल चालत नाही, त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो.

तांदळातलं नाव ताटातच राहू द्या

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपल्याकडं मुलीचं मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. त्यात काही घरांत तांदळात नवीन नाव लिहून पहिलं नावही बदलतात. मग शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. पासपोर्टवर तर वडिलांचं नाव कधी पहिल्या नावाला चिकटलेलं असतं, कधी नसतंच.

आमच्या भावकीतल्या लेकीचं हेच झालं. लग्नानंतर कुणीतरी घाईनं आधार बदललं. पासपोर्ट जुन्या नावाचा, लग्नाचा दाखला नव्या नावाचा. प्रतिज्ञापत्रं करण्यात आणि दुरुस्तीत चार महिने गेले.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्टवर माहेरचं नाव तसंच ठेवून जोडीदाराचं नाव घालता येतं. व्हिसाचं काम पूर्ण होईपर्यंत कोणत्याच कागदावर नाव बदलू नका, हा साधा उपाय आहे. बदलायचंच असेल तर सगळीकडं एकसारखं बदला. पासपोर्ट नसेल तर साखरपुड्याआधीच काढा, नाशिकला पासपोर्ट सेवा केंद्र आहे. काही देशांना पोलीस पडताळणीचा दाखला लागतो, त्याचाही अर्ज पासपोर्टच्याच वेबसाइटवरून होतो.

जन्माचा दाखलाही आत्ताच बघून ठेवा. घरी बाळंतपण झालेल्यांची नोंद कधी कधी नसते. उशिराच्या जन्मनोंदणीची छाननी राज्यात कडक झालीय, त्यामुळं हे काम आठवडाभरात होत नाही.

"तुमची ओळख कशी झाली?"

लग्न खरं आहे की फक्त व्हिसासाठी केलंय, हे अधिकारी तपासतात. ठरवून केलेलं लग्न असलं म्हणून बिघडत नाही, पण पुरावा लागतो. बघण्याच्या कार्यक्रमापासूनचे फोटो, लग्नपत्रिका, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, व्हिडिओ कॉलची नोंद, मुलाच्या विमानाची तिकिटं, हे सगळं जपून ठेवा. फोन बदलताना चॅट पुसू नका.

मुलाखतीत मध्यस्थ कोण, मुलाचं काम काय, घरात कोण कोण, असं विचारतात. मुलीनं खरं सांगावं. एजंटनं पाठ करून दिलेलं खोटं सांगू नये. खोटी कागदं किंवा खोटी माहिती सापडली तर इंग्लंड दहा वर्षांपर्यंत दार बंद करतं. अमेरिकेत ती बंदी कायमचीच लागू शकते.

"टुरिस्ट व्हिसावर ने, तिकडं बघू" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि "पैसे द्या, व्हिसा नक्की" म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. अर्ज घेणारं केंद्रसुद्धा फक्त कागदं आणि बोटांचे ठसे घेतं, निर्णय त्या देशाचा अधिकारी करतो. फी आणि नियम सारखे बदलतात, म्हणून त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवरच बघा.

आधी नोंदणी, नंतर लग्न? जरा थांबा

व्हिसा लवकर मिळावा म्हणून काही घरांत साखरपुड्यालाच रजिस्टर लग्न करतात आणि विधी सहा महिन्यांनी. सोय आहे, पण एक लक्षात घ्या. सही झाली की कायद्यानं लग्न झालं. पुढं मोडलं तर ते साखरपुडा मोडल्यासारखं नसतं, कोर्टातून घटस्फोट घ्यावा लागतो. मुलाची पूर्ण चौकशी झाल्याशिवाय सही करू नका.

तिकडं पोरगी एकटी पडू नये म्हणून

लग्न करून सोडून दिलेल्या लेकींच्या तक्रारी इतक्या आल्या की राष्ट्रीय महिला आयोगानं त्यासाठी वेगळा एनआरआय कक्ष केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगानंही अशा लग्नांची नोंदणी सक्तीची करा, अशी शिफारस सरकारला केली. म्हणून हे करा:

- मुलाच्या पासपोर्टची, व्हिसाची, नोकरीच्या पत्राची आणि पगारपत्रकांची प्रत मागा. आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा निकाल बघा. राग मानणारे पाहुणे असतील तर ते आधीच कळलेलं बरं.
- मुलीचा पासपोर्ट मुलीकडंच राहिला पाहिजे. सगळ्या कागदांचे फोटो माहेरी ठेवा.
- तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर आणि पत्ता तिच्याकडं असू द्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते. सोडून दिलेल्या महिलांना कायदेशीर मदतीसाठी सरकारची योजनाही आहे.
- इंग्लंडमध्ये पती-पत्नी व्हिसावर गेलेल्या बाईला मारहाण झाली, तर तिला स्वतःच्या नावानं तिथं राहण्याचा अर्ज करता येतो. नवरा म्हणतो "तुला परत पाठवीन", ते तसं त्याच्या हातात नसतं.
- इथं असताना त्रास झाला तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

आमच्या भावकीतली ती लेक शेवटी गेली. मुंबईच्या विमानतळावर तिची आई रडत होती, पण कुजबूज करणारी तोंडं बंद झाली होती. परवा फोनवर मी तिला विचारलं, बाकीच्या पोरींना काय सांगू? म्हणाली, "काका, त्यांना सांगा, मेंदी काढायच्या आधी स्वतःची कागदं स्वतः वाचा."