पेशंटबरोबर कोण आहे?

वाशीतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत छातीत दुखणारा माणूस आला, की एकीकडे ईसीजीच्या पट्ट्या लागतात आणि दुसरीकडे विचारलं जातं, ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ संमतीपत्रावर सही कोण करणार, डिपॉझिट कोण भरणार, जुने रिपोर्ट कुठल्या कपाटात आहेत हे कोणाला ठाऊक, रात्रभर बाहेरच्या बाकावर कोण बसणार, एवढं सगळं त्या प्रश्नात असतं. आरोग्याचे संशोधक दीडशेहून अधिक वर्षं जवळपास हेच विचारत आले आहेत. फक्त त्यांच्या तक्त्यात ते रकान्यांच्या रूपात येतं: विवाहित, अविवाहित, घटस्फोटित, विधवा, विधुर. आणि उत्तर बहुतेक वेळा एकाच दिशेला जातं. विवाहितांचं हृदय जास्त टिकतं.

हा निष्कर्ष खोटा नाही. पण तो ‘विवाहित’चा रकाना नेमकं काय मोजतो, हे पाहिल्याशिवाय त्यावरून काही सांगणं धोक्याचं आहे. मला वाटतं, घरात आपल्या जिवाकडे लक्ष ठेवणारं कोणी आहे का, हे तो मोजतो. आणि ते लक्ष बहुतेक घरांत बाई ठेवते, तिच्याकडे मात्र तितकं लक्ष कोणी ठेवत नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे.

आधी आकडे. ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये ३४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ४२ ते ७७ वयाची २० लाखांहून अधिक माणसं होती. विवाहितांच्या तुलनेत बाकीच्यांना हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार होण्याचा धोका ४२ टक्के जास्त दिसला. हृदयाच्या धमन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका ४३ टक्के, तर पक्षाघाताने मृत्यूचा ५५ टक्के जास्त. इथे टक्के नीट समजून घ्यायला हवेत. एखाद्या गटात शंभरातल्या दहा जणांना आजार होत असेल, तर ४२ टक्के जास्त म्हणजे सुमारे चौदा जणांना. फरक लक्षणीय आहे, पण एकट्या माणसाचं भविष्य त्यावरून ठरत नाही.

शिवाय यात एक जुनी मेख आहे. विल्यम फार या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये फ्रान्समधल्या प्रौढांच्या मृत्यूच्या नोंदी तपासून विवाहित लोक अधिक जगतात असं दाखवलं, तेव्हापासून ती मेख कायम आहे. लग्न होतं कोणाचं? प्रकृती धड आहे, हाताला काम आहे, घरचं बरं आहे, अशांचं आधी होतं. आजारी किंवा अगदी गरीब माणूस मुळातच त्या रकान्यात कमी जातो. त्यामुळे लग्नाने हृदय सुधारलं की चांगल्या हृदयाची माणसं लग्नाकडे गेली, हा गुंता पूर्णपणे सुटत नाही. २०१८च्या आढाव्यात संसार सुखाचा होता की नाही याची नोंद नव्हती, लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांचाही वेगळा हिशेब नव्हता. तेव्हा या आकड्यांचा आधार घेऊन कोणी एकट्या मुलाच्या किंवा मुलीच्या मागे लग्नाचा धोशा लावणार असेल, तर त्याला विज्ञानाचा पाठिंबा नाही.

मग फरक पडतो कुठे? सगळ्यात सरळ उत्तर आहे, वेळेत. धमनीत गुठळी अडकली की तिच्यापुढचा हृदयाचा स्नायू मरायला लागतो. गुठळी विरघळवणारं औषध किंवा अँजिओप्लास्टी पहिल्या तासा-दोन तासांत झाली तर बराचसा स्नायू वाचतो. नंतर रक्तप्रवाह सुरू झाला तरी मेलेला भाग परत येत नाही. आपल्याकडची स्थिती काय आहे? ‘क्रिएट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय पाहणीचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ८९ रुग्णालयं, २०,४६८ रुग्ण. त्यातल्या निम्म्या रुग्णांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोचायला सहा तासांहून अधिक वेळ लागला होता.

हे सहा तास फक्त रस्त्यात जात नाहीत. त्यातले बरेच घरात जातात, आणि ते कसे जातात हे आपण सगळेच जाणतो. रात्री जेवण झाल्यावर छातीत जड वाटतं. ‘गॅस झालाय.’ ओवा, सोडा, एखादी ॲसिडिटीची गोळी. थंड घाम फुटतो, जबडा किंवा डावा हात भरून येतो. ‘सकाळी बघू.’ अशा वेळी शेजारी असलेलं माणूस नाडी किंवा ईसीजी बघत नाही, चेहरा बघतं. ‘सकाळी नाही, आत्ता चला’ असं म्हणून रिक्षा बोलावतं किंवा १०८ ला फोन लावतं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या हृदयविकाराच्या रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नेमकं हेच दिसलं. विवाहित पुरुष एकट्या पुरुषांपेक्षा साधारण अर्धा तास आधी रुग्णालयात पोचत होते. अर्धा तास म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या हिशेबात पुष्कळ.

विवाहित स्त्रिया? त्यांच्या बाबतीत लग्नामुळे असा काहीही फरक पडलेला दिसला नाही. मला त्या सगळ्या अभ्यासात ही ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते. नवऱ्याच्या चेहऱ्याचा बदललेला रंग बायको ओळखते आणि त्याला बाहेर काढते. तिच्या छातीत कळ आली तर ती आधी ओटा आवरते.

वाचवणारं हे लक्ष एका रात्रीपुरतं नसतं. स्टेंट बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होण्याची भीती असते. सकाळची बीपीची, जेवणानंतरची रक्त पातळ ठेवण्याची, झोपताना कोलेस्टेरॉलची. ‘गोळी घेतली का?’ हे रोज विचारलं जाणं, लोणच्याची बरणी ताटापासून लांब ठेवली जाणं, स्ट्रिप संपायच्या आत नवी आणली जाणं, हा उपचाराचाच भाग आहे. तो कुठल्याही बिलात दिसत नाही.

आता वाशीचा दुसरा चेहरा पाहा. इथल्या बाजार समितीत कांदा-बटाट्याच्या गोणी पाठीवर वाहणारे माथाडी कामगार बव्हंशी सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतल्या डोंगराळ भागातले. १९६९च्या माथाडी कायद्याने त्यांना मजुरीचं आणि भविष्यनिर्वाह निधीचं संरक्षण दिलं, पुढे कोपरखैरणे-घणसोलीत अनेकांची घरंही झाली. तरी बायको गावाकडे शेती आणि म्हातारे सांभाळते आहे आणि नवरा चार-सहा गाववाल्यांबरोबर गाळ्यावर राहतो आहे, ही पद्धत मुंबईत गिरण्यांच्या काळापासून चालत आलेली आहे. केसपेपरवर हा माणूस ‘विवाहित’. छातीत दुखायला लागतं तेव्हा मात्र शेजारी दिवसभर गोणी उचलून गाढ झोपलेले सोबती. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३व्या वर्षाच्या आसपास येतो, बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं लवकर, असं ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून पुढे आलं. म्हणजे कामातून निवृत्त व्हायच्या आधीच. त्या वयाचा हा कामगार कागदावर सुरक्षित रकान्यात आणि प्रत्यक्षात एकटा असतो.

अशा एकट्या पुरुषांची पोटं गिरणगावात कोणी सांभाळली? खानावळवाल्या बायकांनी. त्यांतल्या पुष्कळ जणी विधवा, टाकलेल्या, किंवा नवऱ्याची नोकरी गेलेल्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून त्यांना संघटित केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, आणि पुढे वाशीतही मंडळाचं काम पोचलं. कोण जेवायला आलं नाही, कोणाचा चेहरा उतरलाय, हे तिथल्या बाईला कळायचं. लग्नाबाहेरही जिवाकडे लक्ष ठेवणारी व्यवस्था असू शकते, याचं हे आपल्या घरचं उदाहरण आहे. गिरण्या गेल्या आणि तीही विरली.

जोडीदार गेल्यावर हृदयाचं काय होतं, हा या विषयातला सर्वांत जास्त अभ्यासलेला भाग. १९६९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कॉलिन मरे पार्क्स आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांची नऊ वर्षांची नोंद मांडली. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यातले २१३ जण गेले होते, त्याच वयाच्या विवाहित पुरुषांत अपेक्षित असतात त्याहून ४० टक्के जास्त. वाढीव मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा हृदयविकाराचा होता. पुढे २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या ६० ते ८९ वयाच्या तीस हजारांवर लोकांच्या नोंदींतून दिसलं, की जोडीदार गेल्यावर पहिल्या तीस दिवसांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याचं प्रमाण दुप्पट होतं.

दुःख धमनीपर्यंत पोचतं कसं? धक्का बसला की शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल सोडतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटायला उत्सुक होतात. धमनीच्या भिंतीवर आधीच चरबीचा थर असेल तर तो अशा वेळी फुटू शकतो आणि त्यावर गुठळी धरते. त्यात झोप नाही, जेवण नाही, आणि कित्येकदा स्वतःच्या गोळ्याही विसरलेल्या. कधी कधी तर धमन्या स्वच्छ असूनही हृदय कोलमडतं. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी वर्णन केलेल्या ताकोत्सुबो या विकारात ताणाच्या संप्रेरकांच्या लोंढ्याने हृदयाच्या डाव्या कप्प्याचा खालचा भाग फुगून लुळा पडतो. ईसीजी झटक्यासारखाच दिसतो, अँजिओग्राफीत मात्र ब्लॉकेज सापडत नाही. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. या रुग्णांत दहापैकी नऊ स्त्रिया असतात, बहुतेक पाळी गेलेल्या वयाच्या.

२०११च्या जनगणनेत भारतात चार कोटींहून अधिक विधवा होत्या आणि विधुर त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही नव्हते. विधुरांचं पुन्हा लग्न होतं, शिवाय बायका वयाने लहान असतात. दुःख दोघांनाही होतं, पण बाईला त्यावर समारंभपूर्वक बाजूला सारलं जातं. एकटेपणा आणि तुटलेले संबंध यांनी हृदयरोगाचा धोका २९ टक्के आणि पक्षाघाताचा ३२ टक्के वाढतो, असं २०१६च्या एका आढाव्यात दिसलं. हळदीकुंकवाला न बोलावणं, शुभकार्यात मागे उभं करणं, याकडे आपण सामाजिक अन्याय म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण तो आरोग्याचाही प्रश्न आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. हृदयाच्या डॉक्टरांनीही त्या ठरावाचं स्वागत करावं, असं माझं मत आहे.

आणि जी बाई ‘विवाहित’च्या रकान्यात आहे, तिचं? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात तीन हजार सहाशेहून अधिक लोकांचा दहा वर्षं माग ठेवला गेला. विवाहित पुरुषांत मृत्यूचं प्रमाण अविवाहितांच्या जवळपास निम्मं होतं. पण भांडणाच्या वेळी मन मारून गप्प बसणाऱ्या बायकांत ते बोलणाऱ्या बायकांच्या चौपट. स्टॉकहोममध्ये २९२ हृदयरुग्ण स्त्रियांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. संसारातला तीव्र ताण असलेल्यांना पुन्हा हृदयाचा त्रास होण्याचा धोका जवळपास तिप्पट, आणि नोकरीतल्या ताणाचा मात्र तसा परिणाम नाही. ‘जाऊ दे, घरात वाद नको’ हे वाक्य आपल्याकडे समंजसपणाचं लक्षण मानलं जातं. त्याची किंमत शरीर मोजतं.

याच स्टॉकहोमच्या गटाने पुढे एक साधा प्रयोग केला. झटका येऊन गेलेल्या किंवा बायपास, अँजिओप्लास्टी झालेल्या २३७ स्त्रियांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना नेहमीच्या उपचारांसोबत वर्षभरात वीस बैठका. लहान लहान गट, सगळ्या स्त्रियाच, चालवणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका. गोळ्या, आहार, व्यायाम यांवर बोलणं, आणि त्याबरोबर घरातल्या ताणाला तोंड कसं द्यायचं, ‘नाही’ कसं म्हणायचं यावरही. सुमारे सात वर्षांनी नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या २० टक्के स्त्रिया दगावल्या होत्या, बैठकांच्या गटातल्या ७ टक्के.

यासाठी नवं यंत्र लागत नाही. वाशीत महापालिकेचं रुग्णालय आहे, सेक्टरांमध्ये ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रं आहेत, बायकांचे बचत गट आणि भजनी मंडळं आहेत. सिडकोच्या पहिल्या इमारतींत राहायला आलेल्या बायका आज सत्तरी ओलांडत आहेत, पुष्कळ जणी एकट्या आहेत. हृदयाचा आजार होऊन घरी गेलेल्या स्त्रियांची यादी रुग्णालयाकडे असतेच. त्यातल्या सहा-सात जणींना पंधरा-वीस दिवसांतून एकदा एका खोलीत बोलवायचं, सोबत एक अनुभवी सिस्टर द्यायची आणि दार लावून घ्यायचं. विवाहित, विधवा, घटस्फोटित, कधीच लग्न न केलेली, सगळ्या एकाच गटात. पहिला गट पुढच्या महिन्यातही बसू शकेल.